वाटीभर पोटाचा जावई

॥ श्री ॥

पालघर
१९ मे २०२६

ती. सौ. ताईस,
रामकिसनचा साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार आता खरा समजावा. पूर्वी माझं एकच अंग जमिनीला टेकायचं आणि बाकीची सात हवेत राहायची. आता आठही टेकतात.)

वि. वि. इकडील सर्व क्षेम. पाकीट पाहून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. पालघरहून बोईसरला पत्र टाकणारा मीच उरलो असेन. पोस्टातल्या बाईंनीही ते उलटसुलट करून पाहिलं आणि आत राखी आहे का म्हणून विचारलं. पण आपल्या ऑपरेशनवाल्यांच्या गटात आहाराचं बघणाऱ्या दिशा मॅडमनी मला सांगितलंय की जे घशात अडकतं ते रोज वहीत लिहा. आता स्वतःच स्वतःला पत्रं लिहिणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही, म्हणून तुला लिहितो. फोन करावा तर ह्या विषयावरून अर्चनाचं नि माझं इतकं वाजलंय, की घरात तो पुन्हा काढायची छाती नाही.

विषय असा. अधिक महिना लागला. तीन वर्षांनी आलाय. येत्या रविवारी, २४ तारखेला, सासूबाईंनी धोंड्याच्या जेवणाला बोलावलंय. ह्या महिन्यात जावई म्हणजे नारायण आणि लेक म्हणजे लक्ष्मी. आमची लक्ष्मी बोलत नाही आणि नारायणाचं पोट वाटीएवढं झालंय, ही त्या घरात कोणाला माहीत नसलेली पुराणकथा.

गेल्या वर्षी मार्चात डॉक्टरांनी कापून माझ्या जठराचं घटाकाश केलं, तेव्हा सासूबाईंना नि मेव्हण्याला, कैलासला, मी हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं. वजन उतरू लागलं तेव्हा सूर्यनमस्कार सांगितले. त्यानंतर त्यांच्याकडे जेवायची वेळ आली की कधी पोट बिघडलं, कधी एकादशी आली, कधी माझ्या ताटातलं अर्चनाच्या ताटात गेलं. पण नारायणाचं ताट सगळी बिल्डिंग बघत असते. मागच्या अधिकात मी अकरा धोंडे खाल्ले होते आणि सासूबाई ते अजून सांगतात. त्या घरात संस्कृतचा मास्तर म्हणून मला कोणी विचारत नाही गं. जेवणारा जावई म्हणून मान आहे. पोटाला चिमटा घेता आला नाही म्हणून पोटच कापून घेतलं, हे आता कोणत्या तोंडाने सांगू?

तू ह्या वाटेवर माझ्या चार वर्षं पुढे आहेस. एवढी हळदीकुंकवं, बारशी निभावलीस. एखादी युक्ती कळव.

भाऊजींना नमस्कार. तुझा माझ्यावर लोभ आहेच; माझं वजन उतरलं तसा तो उतरू नये, एवढंच मागणं.

तुझा,
रामकिसन

*

बोईसर
२२ मे २०२६

चि. रामकिसन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र पोचलं. आधी तुझ्या भाऊजींनी वाचलं, मग मी. त्यांना घटाकाश कळलं नाही, मला कळलं पण हसू आलं नाही.

युक्ती नाही, राम्या. असती तर जिंतूरला शरदच्या लग्नात मी जिलबी खाल्ली नसती. पडद्याआड जाऊन एकच खाल्ली. थोड्या वेळाने अंगाला दरदरून घाम, छाती धाडधाड, डोळ्यांपुढे काळोख. कोठीच्या खोलीत साखरेच्या पोत्यावर आडवी पडून मी मरायची वाट बघत होते, आणि मनात एकच, की कोणी यायला नको. तुझ्यामाझ्या पोटातून गोड आता थांबतच नाही, थेट आतड्यात उडी घेतं. डॉक्टरांनी हे तुलाही सांगितलंय. तू ते वहीत सुवाच्य अक्षरात लिहूनही घेतलं होतंस.

गटाच्या कालच्या बैठकीत मी तुझं नाव न घेता विचारलं की जेवायला जाऊन न जेवता कसं परतावं. घिवलीच्या मंजुळाने लगेच ओळखलं. ती सुकी मासळी विकते, बाजारात हजार माणसं बघते, तिच्यापुढे नाव झाकून काय होणार. म्हणाली की मास्तरांना सांग, आमी पन पयल्या वर्षी चोरून जेवलो, चोरून न जेवलो, दोन्ही केलं. लपवून गिळलं की जास्त अडकतं. बसायच्या आधी बोलून मोकळं व्हायचं, मंग पानी पन गोड लागतं. मग मासवणचा चिंतू म्हणाला की मास्तरांची सासू त्याच्या सासूपेक्षा वाईट असणं शक्य नाही, आणि सगळे हसले.

तर हेच कर. पाटावर बसायच्या आधी रंभाबाईंना बाजूला घे आणि सांग. तुला जमत नसेल तर मी बोलले असते, पण गटाचा नियम तुला ठाऊक आहे, ज्याची गोष्ट त्यानेच सांगायची. सासू म्हणून त्या कडक असतील, पण माणूस म्हणून वाईट नाहीत. आणि जेवणारा जावई, जेवणारा जावई काय लावलंयस! लग्नात तुझी मान उसासारखी होती. तेव्हा तू काय खाऊन पसंत पडलास का?

प्रथिनांची पावडर घेतोस ना? केस गळत असतील तर घाबरू नकोस, माझे परत आले.

अर्चनाला आशीर्वाद सांग, बोलत असली तर. तू कसाही वागलास तरी माझी माया कमी व्हायची नाही, हे लक्षात ठेव आणि त्याचा फायदा घेऊ नकोस.

तुझी,
ज्ञानेश्वरीताई

*

पालघर
२६ मे २०२६

ती. सौ. ताईस,
साष्टांग नमस्कार. आज खरोखरच आडवा पडून लिहितो आहे.

वि. वि. मी सांगितलं नाही.

सांगणार होतो. पायऱ्या चढताना वाक्य जुळवत होतो. दारात सासूबाई उभ्या, हातात पाण्याचं तांब्याभांडं. सकाळपासून तोंडात पाणी घेतलेलं नाही, नारायण जेवल्याशिवाय घेणार नाहीत, असं कैलासने मला चपला काढता काढता सांगितलं. माझं वाक्य तिथेच चपलांपाशी राहिलं.

पाट, रांगोळी, पाय धुणं, नवं धोतर, खांद्यावर उपरणं. शेजारच्या बायका दर्शनाला आलेल्या, त्यांत पुढे सोनाळेबाई. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा. रंभाबाईंचे अनारसे नि धोंडे म्हणजे बोईसरच्या त्या भागात नाव आहे. ह्या महिन्यात घरोघरचे जावई त्यांच्याच हातचं खातात. तूही मागवले होतेस मागच्या वेळी. पुरणाचा वाफाळता धोंडा त्यांनी फोडला, त्यात तूप ओतलं आणि पहिला घास स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घातला.

इथवर तू मला क्षमा करशील. पुढचं फक्त तुला सांगतो. दुसरा धोंडा त्यांनी आग्रह करून वाढला असं अर्चनालाही वाटतं. तसं नाही. त्या वाकायच्या आत मी ताट पुढे सरकवलं. चौदा महिने मी उकडलेल्या डाळीचं पाणी पितोय गं. जिभेने पोटाला विचारलं नाही.

मग तुझी जिलबी मला कळली. घाम आला, एका दिव्याचे चार दिसू लागले, पोटात कोणीतरी पखवाज घेऊन बसलं. मी उठलो, भिंत धरत दारापर्यंत गेलो, आणि तिथून पुढे जाता आलं नाही. नवं धोतर होतं, पांढरं. जे झालं त्याला संस्कृतात नेमका शब्द आहे, पण तो मी वर्गातही शिकवत नाही. दर्शनाला आलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. कैलासने मला उचलून न्हाणीत नेलं आणि बादलीने धुतलं. मेव्हण्याने जावयाचे पाय धुवावेत हे शास्त्र आहे. बाकीचं शास्त्रात नाही, तेही त्याने केलं. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. एक्कावन्न वर्षांचा माणूस.

तासाभराने उतरलं. मी कैलासच्या लुंगीत बाहेर येऊन पडलो. अजून एक राहिलं, तेही सांगून टाकतो. सोनाळेबाई आत डोकावून म्हणाल्या की काहो मास्तर, तेल जुनं-बिनं होतं का? सासूबाई तिथेच उभ्या होत्या, हातात मिठाचं पाणी घेऊन. मी मान हलवली. नाही अशी नव्हे, हो अशी. तोंडाने काही बोललो नाही. बोललो असतो तर निदान शब्द तरी खोटा पडला असता.

येताना रिक्षात अर्चना एवढंच म्हणाली की मी आईला सांगणार नाही, तिला हे तिच्या जावयाच्याच तोंडून कळलं पाहिजे. तेव्हापासून गृहखात्याचं मौन पूर्ण आहे. ताट वाढलं जातं, शब्द नाही.

ह्या पत्राला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. दिलंस तर रागावून दे, माया ठेवून देऊ नकोस, ती आत्ता पचणार नाही.

रामकिसन

*

बोईसर
१ जून २०२६

चि. रामकिसन यास,
आशीर्वाद.

वि. वि. रागावणार होते. पण काल रंभाबाईंकडे जाऊन आले आणि रागाच्या जागी दुसरंच काही झालं.

अनारशाचं पीठ कसं होतं तुला माहीत आहे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवायचे, दळायचे, गूळ घालून गोळे मुरवायचे. महिनाभराच्या ऑर्डरींचं पीठ त्यांनी डबे भरून ठेवलं होतं. ते सगळं त्यांनी बिल्डिंगच्या मागे खड्डा करून पुरलं. कैलासने म्हटलं की गाईला तरी घालू. तर म्हणाल्या की गाईला कामून बाधवायचं? तेलाचा डबा, तुपाची बरणी, गुळाची ढेप, सगळं हुंगून हुंगून बघितलं, नाकाला काही लागेना, तर म्हणाल्या की माझं नाकबी गेलं आता.

ऑर्डरी गेल्याच. सोनाळेबाईंनी मुद्दाम वाईट केलं असं नाही म्हणता येणार, त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं आणि तुझी मान हललेली पाहिली. रंभाबाईंच्या धोंड्याने त्यांचाच जावई आडवा झाला, मग आपल्या जावयाचं काय, असं आता खालच्या दुकानातही बोलतात. दोन घरांनी दुसरीकडे सांगितलं, बाकीच्यांनी नंतर बघू म्हटलं.

आणि त्या एक वेळ जेवतात. कोरडी भाकरी, मीठ. महिना संपेपर्यंत. अधिकात नारायणाला नासकं खाऊ घातलं, ते फेडते, असं मला सांगितलं. माझा हात धरून म्हणाल्या की माय, लेकराला बाधलं तर चूक म्हणता येती, ह्यो तर जावई, माझ्या दारात मरत व्हता. मी चहा पीत होते. कपात बघत राहिले. नियम आहे, ज्याची गोष्ट त्याने सांगायची, आणि मी तो पाळला. नियम पाळताना इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. उठताना मी त्यांच्या पाया पडले, तर त्या म्हणाल्या की माझ्या कशाला पडतीस.

सत्तर वर्षांची बाई आहे ती, रामकिसन. तू जाऊन सांग. रविवारी ७ तारखेला बैठक आहे, आधी तिथे ये हवं तर, मंजुळाचे दोन शब्द ऐक आणि तसाच त्यांच्याकडे जा.

माझा लोभ तुझ्यावर होता म्हणून तर एवढं कडू लिहिलं.

ज्ञानेश्वरीताई

*

॥ श्री ॥

पालघर
४ जून २०२६

तीर्थस्वरूप गं. भा. सासूबाईंचे चरणी,
बालक रामकिसनचे कृतानेक साष्टांग दंडवत विनंती विशेष.

आपल्या कृपाशीर्वादाने माझी प्रकृती पूर्ववत झाली असून चिंतेचे कोणतेही कारण नाही. परवाच्या प्रसंगाने आपल्या मनास जो क्लेश झाला तो ऐकून मी अत्यंत व्यथित आहे. त्या प्रसंगास आपल्या हातचे अन्न यत्किंचितही कारण नव्हते, हे मी आपणांस अंतःकरणपूर्वक निवेदन करू इच्छितो. ग्रीष्मातील उष्मा, प्रवासाचा शीण आणि रिक्त उदरी उद्भवलेला पित्तप्रकोप यांचा तो दुर्दैवी संयोग होता. आपले पाककौशल्य सर्वश्रुत आहे. तरी आपण आरंभिलेले व्रत प्रकृतीस जपून करावे.

आपल्या चरणांची सेवा घडत राहो.

आज्ञाधारक,
रामकिसन

*

बोईसर
८ जून २०२६

रामकिसन,

आशीर्वाद गृहीत धर, लिहायचं मन होत नाही.

तू बैठकीला आला नाहीस. मी बैठकीहून तशीच रंभाबाईंकडे गेले, म्हटलं तू सरळ तिकडे गेला असशील. तू नव्हतास. तुझं पत्र होतं.

कैलासने ते मोठ्याने दोनदा वाचलं. यत्किंचित म्हणजे काय ते त्यांना कळेना, कैलासने समजावलं, तशा त्या ढसाढसा रडल्या. पत्र देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. मला म्हणाल्या की बघ, देवमाणूस हाये. माझी चूक झाकायला उन्हावर घेतो. मग पत्र घेऊन खाली गेल्या आणि सोनाळेबाईंना दाखवलं, की असा जावई मिळाया पुण्य लागतं. सोनाळेबाईंनी काय अर्थ काढला असेल? तेल जुनंच होतं आणि मास्तर सज्जन आहेत. आता शंकाही उरली नाही कोणाला. कालपासून त्यांनी भाकरीसोबतचं मीठही सोडलंय.

तुझ्या त्या पत्रात सगळं होतं रे, ग्रीष्म, पित्त, उदर. फक्त तू नव्हतास. लहानपणी दादांचा चष्मा फुटला तेव्हाही तू असाच निबंध लिहिला होतास, पण तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास.

मंजुळाचा निरोप जसा आहे तसा देते. म्हणाली की मास्तर लाजतंय कोनाला? आमी समदी हितं अर्ध्या पोटाचीच बसलो हाव. मला पन माजा दाल्ला म्हनला व्हता, खाऊन खाऊन सुजलीस आन मंग कापून घेतलंस, तर मी नाय लाजले? लाजले. बंदरावर तोंड दाखवत नवते. पन माज्या लाजंपायी दुसरी बाय उपाशी नाय राहिली.

तिने हे रागाने म्हटलं नाही. पण मी तुझी बहीण म्हणून खुर्चीत खाली सरकले.

महिना १५ तारखेला संपतो. पुढे काय लिहू? तुला मी शिकवावं अशी तुझी विद्या नाही.

ज्ञानेश्वरी

*

बोईसर
ता. ११ जून

चि. रामकिसनराव जावईबापू यांस,
रंभाबाईचा आशीर्वाद.

पत्र कैलासच्या हाती देते. शाळा चवथीपर्यंत, तवा अक्षर लावून घ्या. तुमच्यासारखं मला लिहिता येत न्हाई.

काल तुमी आन अर्चू आलात. दार लावून घ्या म्हणालात, म्या लावलं. तुमी समदं सांगितलं. पोट कापल्याचं, हर्निया नव्हता त्याचं, दुसरा धोंडा तुमीच मागून घेतल्याचं. मान खाली घालून बसलात. म्या काईच बोलले न्हाई. चहा ठेवला तर दोनच घोट घेतलेत, त्याचाबी मला राग आला. आता बोलते.

पहिलं माझं. लग्नात तुमी काडीवानी व्हतात. धा वर्सांत तुमाला फुगवलं ते ह्या हातानं. एक पोळी नको म्हणलात की तीन वाढल्या. अर्चूच्या बापाला जेवू घालायची हौस राहिली, ते लवकर गेले, ती समदी तुमच्यावर काढली. एक दिवस तरी तुमी माझा हात धरून बस म्हणायचं व्हतं. पण म्या तरी कवा ऐकलं असतं? ह्याची मला लाज वाटती. कापायची पाळी यीपर्यंत खाऊ घातलं.

आता तुमचं. सोनाळेबाईनं तेलाचं इचारलं तवा तुमी मान हलवली. म्या बघितली. सतरा दिस म्या माझं तेल हुंगते. जावईबापू, माझं नाव गेलं ते दार उघडं ठिवून गेलं. समद्यांच्या म्होरं. आन तुमी ते दार लावून परत द्याया आलात.

रविवारी, १४ तारखंला, खाली मंडपात बायका बसणार हायेत. महिना उठवायचाय, उद्यापन हाये. समद्या येतील. तुमी या आन त्यांना सांगा. मला सांगितलं तसंच. यत्किंचित बित्किंचित नको.

न्हाई आलात तर म्या कुणाला काई सांगणार न्हाई. जावई हायसा, तुमची अब्रू ती माझीबी. पण मंग तुमाला घास भरवाया ह्यो हात उठायचा न्हाई. खोटं कशाला बोलू?

भाकरीला मीठ लावलं आज. अर्चूला सांगा.

लेकीवर राग धरू नका. तिच्यावर न्हाई अन् माझ्यावरबी न्हाई, एवढी माया ठिवा.

रंभाबाई

*

पालघर
१५ जून २०२६

ती. सौ. ताईस,
रामकिसनचा नमस्कार. आज शाळेचा पहिला दिवस. मुलं व्याकरणाच्या तासाला जांभया देत होती आणि मला त्यांचा हेवा वाटत होता.

वि. वि. काल गेलो होतो.

मी भाषण तयार केलं होतं. उपोद्घात, मध्य, उपसंहार. मंडपात चटया टाकलेल्या, तीस-चाळीस बायका, त्यांतल्या अर्ध्या २४ तारखेला दारात होत्या. म्हणजे मला ज्या अवस्थेत बघितलं त्याच डोळ्यांपुढे उभं राहायचं होतं. सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. अर्चना त्यांच्या शेजारी. मी भगिनींनो म्हटलं आणि पुढचं सगळं गेलं. ऐनवेळी संस्कृताने साथ सोडली.

मग जसं आलं तसं बोललो. माझा खाण्यावर ताबा नव्हता, म्हणून गेल्या वर्षी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. वाटीएवढं पोट ठेवलंय. गोड चालत नाही. हे मी ह्या घरापासून लपवलं. धोंडे चांगले होते, ताजे होते, तेल-तूप चांगलं होतं. मी खायला नको होते आणि मी मागून खाल्ले. त्या दिवशी मी मान हलवली ती खोटी होती. आईंनी मणभर पीठ मातीत घातलं, ते माझ्यामुळे.

मग सोनाळेबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या की मास्तर, मग त्या दिवशी नाही म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? मी म्हटलं की लाज वाटली. त्यावर त्या म्हणाल्या की आणि आम्ही तोंडभर बोलत सुटलो त्याचं काय? त्यांनी सासूबाईंची माफी वगैरे मागितली नाही. पदर सारखा करून दुसरीकडे बघत बसल्या. मागून कोणीतरी विचारलं की पोट कापता येतं तर आमच्या ह्यांची जीभ कापून मिळते का, कोणते डॉक्टर? तेव्हा मंडप हसला. सासूबाई हसल्या नाहीत.

तू विचारशील म्हणून लिहितो, ऑर्डरी काही परत आल्या नाहीत. कुठून येणार? महिना संपला. अनारशांचा अधिक महिना आता तीन वर्षांनी येईल. त्यांचा हा महिना मी बुडवला तो बुडवलाच, एका भाषणाने तो निघत नाही.

जिन्यात सोनाळेबाईंची लेक तेजल भेटली. सव्वीस-सत्तावीसची असेल, खूप जाड आहे, मंडपात आली नव्हती. जिन्यावरूनच ऐकत होती. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाली की काका, तुमच्यासारखी अजून माणसं आहेत का इथे? मी म्हटलं की खूप आहेत, आणि त्यांच्यात घिवलीची एक बाई आहे, तिच्यापासून सांभाळून राहा. पुढच्या बैठकीला तेजलला घेऊन येतो. मीही येतो. मंजुळाला सांग की मास्तर शेवटच्या रांगेत बसेल आणि बोलायला सांगितलं तर बोलेल.

मग जेवण. तू विश्वास ठेवणार नाहीस, पण पाट नव्हता, रांगोळी नव्हती. सगळ्यांबरोबर पंगतीत बसवलं. सासूबाईंनी माझ्यापुढे ताट न ठेवता एक वाटी ठेवली. पातळ वरण, त्यात मऊ भात कालवलेला. किती ते मला विचारलं नाही आणि वरून काही वाढलंही नाही. त्या घरात चोवीस वर्षांत मी सासूबाईंना पंगतीबरोबर जेवताना पाहिलेलं नाही, त्या नेहमी शेवटी. काल माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि स्वतःचं पान वाढून घेतलं. भाकरी, भाजी, वरण, पोळीसुद्धा.

मी किती सावकाश जेवतो तुला माहीत आहे. एकेक घास पिठासारखा होईपर्यंत चावायचा, मग थांबायचं. पंगत उठली. कैलास उठला, अर्चना उठली, बायका पानं गोळा करू लागल्या. सासूबाईंचं पान केव्हाच संपलं होतं. माझी वाटी अर्धी होती. मी मान खाली घालूनच म्हटलं की आई, तुम्ही उठा, मला वेळ लागतो.

त्या उठल्या नाहीत. खरकटा हात मांडीवर आडवा धरून माझ्या शेजारी बसून राहिल्या, तो वाळून पांढरा पडला तरी.

भाऊजींना नमस्कार. तुझा राग जेवढा उरला असेल तेवढा ठेव, पण त्याला लागून असलेली माया मात्र माझ्याकडे पाठवत जा.

तुझा,
रामकिसन